हिंवाळा चुकविणारे

ऑक्टोबर महिना सरत आला म्हणजे कॅनडाच्या मधल्या प्रांतांतून आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या राजरस्त्यांवर एक निराळीच वाहतूक सुरू होते. वरून पक्ष्यांचे थवे जात असतात, आणि त्यांच्या खालून, त्याच दिशेनें, चाकांवरचीं घरें चाललेलीं असतात. तिकडे या वाहनाला 'आर. व्ही.' म्हणतात. मोठें असलें तर आपल्या एस. टी. च्या गाडीएवढें लांब, आंत निजावयाची जागा, चूल, मोरी, शीतकपाट व दिवे असलेलें असें हें घर. कोणी तें त्याच्याच एंजिनावर चालवितो, कोणी मोटारीमागें जुंपून ओढीत नेतो. चालविणारें जोडपें बहुधा साठी ओलांडलेलें असतें. विनिपेगसारख्या शहरांत जानेवारी महिन्याचें सरासरी तपमान शून्याखालीं सोळा अंशांच्या आसपास असतें, आणि कांहीं रात्रीं तें शून्याखालीं तीस अंशांच्याहि पलीकडे जातें. तो काळ येण्यापूर्वींच ही मंडळी ॲरिझोना, टेक्सास किंवा फ्लॉरिडा गांठतात, व एप्रिल उजाडल्यावर परततात. त्यांना 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, असें नांव पडलें आहे.

थंडी वाजूं लागली असतां उबेकडे सरकावें, यांत नीतीचा प्रश्न तो कोठला, असें कोणी विचारील. मांजर चुलीपाशीं सरकतें तेव्हां तें कोणतें पाप करतें? हें म्हणणें आम्हांला मान्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न नीट मांडला पाहिजे. थंडीपासून पळावें कीं पळूं नये, हा आमचा प्रश्न नव्हे. ज्याला एखाद्या गांवाच्या केवळ चांगल्या ऋतूंत तेथें रहातां येतें, आणि वाईट ऋतूची चाहूल लागतांच घराला कुलूप घालून निघून जातां येतें, त्या मनुष्याचें त्या गांवाशीं नातें तरी कोणतें? त्यानें स्वतःस तेथील रहिवासी म्हणवून घ्यावें कीं पाहुणा? आणि जे मागें रहातात, त्यांचें तो कांहीं देणें लागतो कीं काय?

आधीं एक गैरसमज दूर सारूं. सोसण्यालाच पुण्य समजण्याची संवय आपल्या समाजांत पुष्कळ आहे. भर उन्हाळ्यांत चारी बाजूंस अग्नि पेटवून बसणारा तपस्वी आपल्याला आपोआपच थोर वाटतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत शीतोष्ण सहन करण्याचा उपदेश आहे खरा. पण तो रणांगणावर, कर्तव्य टाकून निघूं पहाणाऱ्या पुरुषाला केलेला आहे, रात्रीं पांघरूण ओढून घेणाऱ्याला नव्हे. सोसण्याला किंमत येते ती ज्या कार्यासाठीं सोसावयाचें त्या कार्यामुळें. कोणत्याहि कार्यावांचून गारठत बसणें हा फार तर हट्ट होय. उत्तरेकडील लोकांत हा हट्ट नाहीं असें नाहीं. अमक्या सालची थंडी कशी काढली याच्या गोष्टी तेथील आजोबा, आपल्याकडील आजोबा अनवाणी शाळेंत गेल्याच्या गोष्टी सांगतात तशाच, दर वर्षीं थोड्याथोड्या वाढवून सांगतात. शिवाय वृद्धांच्या बाबतींत थंडी ही नुसती गैरसोय नव्हे. बर्फावरून पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें म्हणजे सत्तरीचा मनुष्य पुन्हा पूर्ववत् चालेलच असें सांगतां येत नाहीं. आणि दारापुढचें बर्फ फावड्यानें उपसतांना हृदयविकाराचा झटका येणें ही तर तिकडील डॉक्टरांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. चाळीस वर्षें कारखान्यांत किंवा शाळेंत काम करून ज्यानें तितकेच हिंवाळे काढले, त्यानें उरलेले दहा-बारा उन्हांत काढावे म्हटलें तर त्याला नांवें ठेवणारे आम्ही कोण?

ही चाल कांहीं कालची नव्हे. मोटार सामान्य मनुष्याच्या आंवाक्यांत आली तेव्हांपासून ती आहे. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहराच्या डी सोटो बागेंत मुक्कामास उतरलेल्या मोटारवाल्या प्रवाशांनीं एक संघ स्थापन केला व स्वतःला 'टिन कॅन टूरिस्ट', म्हणजे पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी, म्हणवून घेतलें. मोटारीच्या पुढील बाजूस पाण्याच्या टांकीचें जें झांकण असतें, त्यावर एक रिकामा डबा डकवावयाचा व त्या खुणेवरून एकमेकांस ओळखावयाचें, अशी त्यांची रीत होती.

आज या फिरत्या वस्तीचें सर्वांत विलक्षण स्थान म्हणजे ॲरिझोना संस्थानांतील क्वार्ट्झसाइट हें गांव. २०२० च्या खानेसुमारींत त्याची कायम वस्ती अडीच हजारांच्याहि आंत भरली. पण डिसेंबर-जानेवारींत गांवाभोंवतालचें वाळवंट पांढऱ्या गाड्यांनीं भरून जातें आणि ही वस्ती अनेक पटींनीं वाढते. तेथील बरीचशी जमीन सरकारी आहे. सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्यानें १९८३ सालीं या हिंवाळी पाहुण्यांसाठीं कांहीं टापू राखून ठेवले. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे सात महिने, परवाना काढून तेथें रहातां येतें. या परवान्याची फी पुष्कळ वर्षें अवघी १८० डॉलर होती. मुंबईंत एवढ्या पैशांत सात महिने मोटार उभी करावयासहि जागा मिळणार नाहीं, मग मोटारींत रहाण्याची गोष्ट दूरच. पाणी भरून आणावयाचें, वीज छपरावरच्या सौरपट्ट्यांतून घ्यावयाची, आणि मैलापाणी ठराविक जागीं नेऊन रितें करावयाचें, असा तेथील दिनक्रम असतो.

त्या गांवच्या स्मशानांत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड असून त्याच्या शिखरावर तांब्याचा उंट बसविला आहे. खालीं हाजी अली नांवाचा उंटवाला चिरनिद्रा घेत आहे. अमेरिकन सैन्यानें १८५६ सालीं वाळवंटांत ओझीं वाहण्यासाठीं भूमध्यसमुद्राच्या पूर्वेकडील मुलखांतून उंट आणविले, त्यांच्याबरोबर तो आला. लोकांनीं त्याच्या नांवाचें 'हाय जॉली' करून टाकलें. पुढें उंटांचा तो प्रयोग सोडून देण्यांत आला. उंटवाला मात्र परत गेला नाहीं, आणि १९०२ सालीं त्याच परिसरांत वारला. हिंवाळी पाहुणे त्याच्या समाधीपुढें उभे राहून छायाचित्रें काढून घेतात. फिरस्त्यांच्या या राजधानींत मान मिळाला आहे तो एका न परतलेल्या फिरस्त्याला, हें त्यांच्यापैकीं किती जणांच्या ध्यानांत येतें कोणास ठाऊक.

एप्रिलच्या मध्यास हें वाळवंट रिकामें होतें. जुलैंत तेथील पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो. तेव्हां तीं अडीच हजारांच्या आंतलीं माणसें तेथेंच असतात. पार्कर गांवचें रुग्णालय पन्नासाहून अधिक किलोमीटरांवर. थंडींत तेथें गर्दी करणारे लोक त्या वेळीं आपापल्या उत्तरेकडील घरांपुढें फुलझाडें लावीत असतात. म्हणजे हा हिमपक्षी एका गांवाचा नव्हे, तर दोन गांवांचा वाईट ऋतु चुकवितो. उत्तरेची थंडी आणि दक्षिणेचें ऊन या दोहोंतूनहि तो सुटतो. दोन्हीं गांवांत तो सुगीचा सोबती. पक्ष्याची उपमा येथें फसवी आहे. आपल्या अंगणांत हिंवाळ्यांत शेपटी हालवीत नाचणारा पांढरा धोबी पक्षी आपला पाहुणा असतो, पण त्याचें घरटें उत्तरेकडील थंड मुलखांत असतें. पिलांना चारतांना त्याला जे कष्ट पडतात ते सगळे तो तेथें करतो. मनुष्याचा प्रकार उलटा आहे. पिलें वाढवून झाल्यावर तो उडूं लागतो.

आमच्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिवस मोजून दिलें आहे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारी आरोग्यविम्याचा लाभ ज्याला टिकवावयाचा आहे, त्यानें कोणत्याहि बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक काळ प्रांताबाहेर राहूं नये, असा सामान्य नियम आहे. पलीकडे अमेरिका कॅनडाच्या पाहुण्याला साधारणतः सहा महिने राहूं देते; अधिक राहिल्यास प्रवेशाच्या आणि करांच्या भानगडी उपस्थित होतात. म्हणून ही मंडळी येण्याजाण्याच्या तारखा वहींत टिपून ठेवतात. संयुक्त संस्थानांतील नागरिकांची वाट याहून सोपी आहे. साउथ डकोटा संस्थानांत एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून त्यांना तेथील रहिवासी म्हणून मोटार चालविण्याचा परवाना मिळवितां येतो, आणि टपाल घेऊन पुढें धाडणारे व्यावसायिक त्यांना पत्ताहि पुरवितात. ज्या गांवांत उभ्या आयुष्यांत एकच रात्र काढली, त्या गांवचे कायदेशीर रहिवासी असलेले लोक अशा रीतीनें निर्माण झाले आहेत. कायद्याला याहून अधिक करतां येणार नाहीं हें आम्ही जाणतों. कर कोठें घ्यावा आणि औषधाचा खर्च कोणी द्यावा, एवढेंच त्याला ठरवावयाचें असतें. पण दिवस भरले म्हणजे देणें फिटलें, अशी समजूत जी हळूहळू मनांत रुजते, ती मात्र कायद्यानें सांगितलेली नव्हे. ती आपण सोयीसाठीं करून घेतलेली आहे.

विनिपेगला आमचे एक जुने विद्यार्थी वीस-बावीस वर्षें रहात आहेत. ते मूळचे सोलापूरचे. म्हणजे थंडी कशाशीं खातात हें पंचविशीपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांच्या गल्लींत चौदा घरें आहेत, आणि त्यांतलीं पांच जोडपीं नोव्हेंबरांत दक्षिणेस जातात. जातांना चार घरांच्या किल्ल्या या सोलापूरकरांच्या स्वाधीन होतात. त्याचें कारण असें: तेथें तळघरांत एक भट्टी असते, तिच्यामुळें सबंध घर ऊबदार रहातें. कडाक्याच्या थंडींत ती बंद पडली तर थोड्याच अवधींत नळांतलें पाणी गोठतें, गोठतांना फुगतें आणि नळ फोडतें. मग बर्फ वितळल्यावर घराचें तळें होतें. म्हणून तिकडील विम्याच्या करारांत बहुधा अट असते कीं, थंडींत घर कांहीं दिवस रिकामें ठेवावयाचें तर पाणी बंद करून नळ रिकामे करावे, नाहीं तर जबाबदार मनुष्यानें रोज येऊन घर पाहून जावें. ही अट मोडली तर भरपाई मिळण्याची आशा नसते.

तेव्हां आमचे विद्यार्थी कचेरींतून परतल्यावर जाड कोट, टोपी व बूट चढवून रोज चार घरांतून एक फेरी मारतात. तळघरांत उतरून भट्टीचा आवाज ऐकतात. दाराशीं पडलेलें टपाल उचलतात. पायवाटेवरचें बर्फ उपसतात, कारण न तुडविलेलें बर्फ म्हणजे घरांत कोणी नाहीं अशी चोरांसाठीं लावलेली पाटीच. एप्रिलमध्यें मंडळी परत आली म्हणजे त्यांना ॲरिझोनाच्या खजुराची एक पेटी मिळते. उन्हाच्या देशांत जन्मलेल्या मनुष्यानें थंडींत जन्मलेल्यांचीं थंड घरें राखावीं, आणि त्यांनीं उन्हाच्या देशांतून परत येतांना त्याला खजूर आणावा, यांतील विनोद त्यांच्या लक्षांत आलेला आहे. तशी त्यांची तक्रारहि नाहीं. शेजारी भले आहेत. आमच्या विद्यार्थ्याचें कुटुंब प्रथम त्या गल्लींत आलें तेव्हां, रस्त्यावर उभी केलेली मोटार रात्रीं गोठूं नये म्हणून तिला विजेची तार कशी जोडावी, हें याच जोडप्यांपैकीं एकानें त्यांना शिकविलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं जानेवारींत एके दिवशीं असें झालें कीं, गल्लीच्या टोंकास रहाणाऱ्या एका विधवा बाईंच्या स्वयंपाकघराचा पडदा सकाळीं उघडला नाहीं. ह्या बाई कोठें जात नसत. यजमान होते तोंवर तींहि दोघें दक्षिणेस जात, पण ती अजस्र गाडी एकट्यानें हांकणें बाईंना शक्य नव्हतें. पडद्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीच्या लक्षांत आली, ती मुलाला शाळेच्या बसवर पोंचवावयास त्या वाटेनें गेली म्हणून. बाई न्हाणीघरांत घसरून रात्रभर तेथेंच पडलेल्या होत्या. त्या वांचल्या. विद्यार्थ्यानें पत्रांत लिहिलें तें एवढेंच कीं, बाईंच्या उजव्या-डाव्या दोन्हीं घरांच्या किल्ल्या आपल्याच खुंटीवर टांगलेल्या होत्या.

आतां यांत दोष कोणाचा? आमच्या मतें, रूढ अर्थानें कोणाचाहि नाहीं. गेलेल्या जोडप्यांनीं कोणताहि नियम मोडला नव्हता. कर भरला होता, विमा उतरला होता, किल्ली विश्वासू माणसाच्या हातीं दिली होती. पण शेजार म्हणून जी वस्तु आहे ती या हिशेबांत कोठेंच धरलेली नव्हती. भिंतीला भिंत लागून असली म्हणजे शेजार होत नाहीं. पडदा उघडला नाहीं हें ज्याला दिसतें तो शेजारी. कोणी म्हणेल, पैसे देऊन हीहि सोय करतां येईल. पुष्कळ अंशीं येईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. बर्फ उपसणारा मजूर मिळतो, घर पाहून जाणाऱ्या पेढ्याहि आहेत. परंतु मजुराला काम सांगावें लागतें, आणि येथें काय पहावयाचें हें आधीं कोणालाच सांगतां येत नाहीं. तें पहाणें हें रोज तेथें असण्याचें उप-फळ आहे. उन्हाळ्यांत दारें-खिडक्या उघड्या असतात, माणसें अंगणांत असतात, हांक मारली तर दहा जण धांवतात. तेव्हां एक शेजारी कमी असला तरी चालतें. ज्या चार महिन्यांत दारें बंद असतात, त्याच चार महिन्यांत असण्याची किंमत सर्वांत अधिक, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गल्ली निम्मी काळोखी होते. आम्ही ज्याला देणें म्हणतों तें हें. गांव म्हणजे जमीन नव्हे आणि हवामानहि नव्हे. जीं माणसें तेथून निघूं शकत नाहींत त्यांचें तें नांव आहे, आणि देणें लागत असेल तर त्यांचेंच लागतें.

एवढें म्हणून आम्ही थांबलों तर मात्र अन्याय होईल, कारण चाकांवर रहाणारे सगळेच लोक घरदार राखून हवापालटास निघालेले नसतात. जेसिका ब्रूडर यांचें 'नोमॅडलँड' हें पुस्तक २०१७ सालीं निघालें, आणि त्यावरून क्लोई झाओ यांनीं काढलेल्या चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांत जीं माणसें भेटतात, त्यांचें घर गेलेलें आहे. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर कित्येकांना भाडें परवडेनासें झालें, आणि निवृत्तिवेतन इतकें तुटपुंजें कीं छपराखालीं रहावयाचें कीं जेवावयाचें असा पर्याय उरला. शरदांत उत्तरेकडे शुगर-बीटाची काढणी, नाताळापूर्वीं प्रचंड गोदामांत माल बांधणें, उन्हाळ्यांत सरकारी छावण्यांची राखण, असें वयाच्या सत्तरीस करीत हीं माणसें हिंवाळ्यांत वाळवंट गांठतात. क्वार्ट्झसाइटला लाखों डॉलरांच्या महालाशेजारीं यांची जुनी मालगाडी उभी असते. सूर्य दोघांनाहि सारखाच तापवितो. ह्या लोकांना आम्ही गांवाच्या ऋणाच्या गोष्टी सांगूं लागलों, तर ते आम्हांला विचारतील कीं, आम्हांला घर होतें तेव्हां तें राखावयास गांवांतलें कोण पुढें आलें? या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नाहीं. आणि त्यांच्यामध्यें परस्परांची काळजी घेण्याची जी रीत आढळते, म्हणजे एकाचें चाक रुतलें तर चार जण फावडीं घेऊन येणें, आजारी माणसाच्या गाडीवर सकाळ-संध्याकाळ थाप मारून विचारपूस करणें, ती पाहिली तर पडदा पहाणारे लोक वाळवंटांत तयार होऊं शकतात असेंच म्हणावें लागेल. ज्यांना मागें कांहीं उरलेलें नसतें, ते जेथें असतील तेथेंच शेजार मांडतात.

ऋतूबरोबर मुक्काम हलविणें आपल्याहि मुलखाला अपरिचित नाहीं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं, पावसाळ्यांत पुण्यास व थंडींत मुंबईस असे; ज्या गणेशखिंडींतील वाड्यांत तो पावसाळा काढी, ती इमारत आज पुणें विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याच्यामागून दप्तरें वाहून नेणाऱ्या कारकुनांना कोणती हवा मानवते, हें कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. परंतु याहून फार जुनें आणि फार शहाणें असें स्थलांतर आपले धनगर करतात. देशावरील पाऊस संपला, दिवाळी झाली, म्हणजे त्यांचे कळप घांट उतरून कोंकणांत जातात, आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे पुन्हा वर येतात, कारण कोंकणांतला पाऊस मेंढरांना सोसत नाहीं. तेहि वाईट ऋतु चुकवितातच. पण ज्या शेतकऱ्याच्या रिकाम्या खाचरांत कळप रात्रीं बसतो, त्याच्या शेताला खत मिळतें, आणि म्हणून तो धनगराला भात देतो. धनगर जेथें मुक्काम करतो तेथील माती तो गेल्यावर अधिक सकस झालेली असते. वाळवंटांतील आमच्या पाहुण्यांना मात्र आपलें मैलापाणी टांकींत सांभाळून नेऊन रितें करावें लागतें, कारण तेथील मातीला त्याचा उपयोग तर नाहींच, उलट उपद्रव आहे. सुधारणेच्या इतिहासावर एवढ्या एका फरकांतून एक प्रबंध लिहितां येईल. तो लिहिण्याची ही जागा नव्हे.

याच्याहि पुढें जाऊन विचार करावयाचा तर चातुर्मासाचा केला पाहिजे. जैन साधु किंवा बौद्ध भिक्षु यांचा धर्मच असा कीं कोणत्याहि गांवाशीं जडूं नये, आज येथें तर उद्यां तेथें असावें. गांवाचें देणें ज्याला लागूं नये असा कोणी असेल तर तो हा. आणि तरीहि नेमक्या वाईट ऋतूंत, पावसाळ्यांत, त्यानें एके ठिकाणीं रहावें असा दंडक आहे. बौद्धांच्या विनयांत याचें कारण सांगितलें आहे. भिक्षु पावसांतहि हिंडत राहिले तेव्हां लोक कुरकुर करूं लागले कीं, यांच्या पायांखालीं कोवळीं रोपें आणि किडामुंगी चिरडली जात आहे. तेव्हां वर्षावासाचा नियम घालण्यांत आला. हा नियम भिक्षूचे पाय चिखलांत भरूं नयेत म्हणून झालेला नाहीं. पावसाळ्यांत जमिनीवर जीव फार असतात, म्हणून त्या ऋतूंत पायाचा भार अधिक पडतो, हें ओळखून तो झालेला आहे. आम्हांला वाटतें, जाणाऱ्यानें आणि रहाणाऱ्यानें स्वतःला विचारावयाचा प्रश्न या जुन्या नियमांत सांपडतो: माझ्या हालण्याचा भार या ऋतूंत कोणावर पडतो? कधीं तो राहिल्यानेंहि पडेल. ऐंशी वर्षांच्या एकट्या मनुष्यानें हट्टानें थंडींत राहून गल्लीला धास्तींत ठेवावें, यापेक्षां त्यानें उन्हांत जावें हें गल्लीच्याहि हिताचें. कधीं तो इतका पसरलेला असतो कीं दिसतहि नाहीं. विनिपेगहून ॲरिझोनाचें वाळवंट तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे, आणि मोठी गाडी एका लिटरांत तीन-चार किलोमीटरच जाते. म्हणजे नुसत्या जाण्यालाच आठशें-नऊशें लिटर तेल लागतें. तो धूर कोणाच्या अंगणांत उतरतो हें सांगतां येत नाहीं, पण कोठें तरी उतरतोच.

गोव्याच्या लोकांना हा भार दुसऱ्या बाजूनें ठाऊक आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत युरोपांतील तरुण मंडळी जुन्या मोटारींत व बसगाड्यांत बिऱ्हाड मांडून तुर्कस्थान, इराण व अफगाणिस्थान या वाटेनें गोव्याच्या किनाऱ्यावर थंडी काढावयास येत. १९७९ सालची इराणांतील क्रांति आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्थानांत शिरलेलें सोव्हिएट सैन्य यांमुळें तो खुष्कीचा मार्ग बंद झाला. पाहुणे विमानानें येऊं लागले. हणजूणच्या किंवा कळंगुटच्या मनुष्याला विचारावें: पाहुण्यांच्या पैशावर सहा महिने दुकान चालतें, हें तो कबूल करील, आणि जूनच्या पावसांत किनारा ओस पडतो तेव्हां गांव पुन्हा आपलें झाल्यासारखें वाटतें, हेंहि सांगेल.

२०२० च्या मार्चमध्यें या सगळ्या प्रश्नाची एक परीक्षाच झाली. कोविडची सांथ पसरतांच कॅनडाच्या सरकारनें परदेशीं असलेल्या नागरिकांस घरीं परतावयास सांगितलें, आणि २१ मार्चला अमेरिकेची सरहद्द अनावश्यक प्रवासास बंद झाली. दक्षिणेंत पसरलेल्या हिमपक्ष्यांनीं ठरल्या दिवसांपूर्वींच गाड्यांचीं तोंडें उत्तरेकडे वळविलीं. आपलें रुग्णालय, आपला डॉक्टर, आपलें सरकार कोठें आहे, याविषयीं त्या आठवड्यांत कोणालाहि दिवस मोजावे लागले नाहींत. परतलेल्यांनीं चौदा दिवस घराबाहेर पडूं नये असा आदेश होता. तेव्हां दूध, पाव व औषधें दाराशीं आणून ठेवण्याचें काम ज्यांनीं थंडी गांवांतच काढली होती त्यांच्याकडे आलें. आमच्या विद्यार्थ्यानें त्या पंधरवड्यांत चार घरांच्या पायरीवर पिशव्या ठेवल्या. पुढच्या हिंवाळ्यांत जमिनीवरची सरहद्द बंदच होती. विमानानें जातां येत होतें, आणि कांहींनीं गाड्या माल म्हणून पलीकडे धाडून स्वतः उडत जाण्याचीहि युक्ति काढली. पण त्यांच्या गल्लींतलीं पांचहि जोडपीं त्या वर्षीं घरींच राहिलीं. ख्रिसमसला सगळ्या घरांवर दिवे लागलेले आपण त्या गल्लींत प्रथमच पाहिले, असें आमच्या विद्यार्थ्याच्या मुलानें त्या वेळीं आम्हांला लिहिलें होतें. पुढें २०२१ च्या नोव्हेंबरांत लस घेतलेल्यांसाठीं सरहद्द उघडली, आणि त्याच महिन्यांत तीन गाड्या गेल्या. दोन गेल्या नाहींत. एका घरांतले गृहस्थ मधल्या काळांत वारले होते. दुसऱ्या जोडप्यानें गाडी विकून टाकली. ती कां विकली हें आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं, त्यांनींहि सांगितलें नाहीं.

आतां आमचे विद्यार्थीच निवृत्तीला आले आहेत. गुडघे दुखतात, तळघराचा जिना नकोसा होतो. पुण्यांत थोरल्या बंधूंची रिकामी जागा आहे, आणि डिसेंबर ते मार्च तेथें येऊन रहावें असा बेत चालला आहे. त्यांच्या पिढींतले पुष्कळ मराठी लोक तसें करतातहि. याविषयीं त्यांनीं आमचें मत विचारलें. आम्हीं कळविलें कीं अवश्य यावें, पुण्याची थंडी गुडघ्यांना मानवेल. आणि त्याबरोबर विचारलें कीं, किल्ल्या कोणाकडे ठेवणार? त्यांचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. कोपऱ्यावरच्या घरांत शरदऋतूंत फिलिपिन्समधून एक कुटुंब रहावयास आलें आहे. नवराबायको दोघेंहि फार मनमिळाऊ आहेत. तळघरांतला पाण्याचा मुख्य नळ कसा बंद करावयाचा, आणि टोंकाच्या घराचा पडदा साधारणतः किती वाजतां उघडतो, तें त्यांना दाखवून ठेवलें आहे. नवरा मात्र रात्रपाळीला असतो, असेंहि पत्रांत खालीं लिहिलें आहे.